दिवेलागणीचं बटण

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाईट आहे. कोणी हे वाचलंच, तर तेवढं समजून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली, आणि पेन हातात आलं ते सहीपुरतंच. पण तोंडाने मला ही गोष्ट नीट सांगता आली नाही, म्हणून लिहिते आहे.

नायगावची चाळ पाडायला घेतली तेव्हा आम्ही लालबागला भाड्याच्या खोलीत आलो. मी, मुलगा, सून आणि नात. मुलगा हॉटेलात कामाला आहे, दुपारी जातो तो सगळे झोपल्यावर येतो. सुनेला घरी बसून करायचं काम मिळालं होतं, औषधांच्या एका एजन्सीची बिलं कॉम्प्युटरवर चढवायचं. मालकाने सांगितलं होतं, काम वेळेवर आलं तर कायम करू, नाहीतर दुसरं कोणी बघू. तिने जुना कॉम्प्युटर विकत घेतला आणि देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर ठेवला. दुसरीकडे जागाच नव्हती.

थोड्याच दिवसांत तो अडकायला लागला. सकाळी ती कामाला बसली की पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. कॉम्प्युटरच्या पेटीवरचा बारीक दिवा लुकलुकायचा सोडून एकसारखा पेटून राहायचा आणि आतून गुरगुर ऐकू यायची. सून एक तक्ता उघडून बघायची, त्यात डिस्कपुढे शंभर टक्के दिसायचं.

"आई, मी काहीच चालवत नाहीये, मग ही डिस्क खातंय तरी कोण?" ती एकदा म्हणाली.

मला डिस्क म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. "तापला असेल गो," म्हटलं, आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवून दिला.

तिने नातीचे खेळ काढून टाकले, बारशाचे फोटो काढून टाकले, व्हायरसची तपासणी केली. फरक पडेना. दुपार होईपर्यंत मशीन रुळावर यायचं आणि तोवर मालकाचा फोन आलेला असायचा. फोन स्पीकरवर असायचा, म्हणून मीही ऐकलं. "काय ताई, जेवणखाण आटपून मग बसता का कामाला?" ती सॉरी सर म्हणाली. मी मेथी निवडत होते, मान वर केली नाही.

परळहून दुरुस्तीवाला आला. डिस्क जुनी झालीय, बदलावी लागेल म्हणाला. घरात तेवढे पैसे नव्हते. सुनेने माहेरी फोन केला आणि तिच्या आईने भिशीचे पैसे काढून दिले. सासरच्या वस्तूला माहेरचे पैसे लागले, हे मला फार लागलं. नवी डिस्क बसली, आठवडाभर बरं चाललं आणि परत तेच. मालकाने आता शेवटचं सांगतो म्हणून बजावलं.

दुरुस्तीवाला पुन्हा आला, बराच वेळ खाली मान घालून बघत बसला. मग सुनेला म्हणाला, "वहिनी, तुम्ही उठून गेलात, पडदा काळा झाला, तरी हा झोपत नाही. आपली साफसफाई करतो, अपडेट उतरवून घेतो. ते मधेच तुटलं की सकाळी परत पहिल्यापासून. तुमच्याकडे रोज तुटतंय. संध्याकाळी मेन बटण कोण बंद करतं का?"

माझे हात कणकेत होते.

सून संध्याकाळी काम थांबवून नातीला शिकवणीहून आणायला जायची. तेवढ्यात मी देवापुढे दिवा लावायची. माझ्या आईच्या घरात दिवेलागणीला रेडिओसुद्धा बंद व्हायचा. दिवा लावताना घरात काही घरघरायला नको, असं ती सांगायची. वडिलांची गिरणी बंद पडून पगार थांबल्यावर तर ती एकही बटण उगाच चालू ठेवायची नाही. तीच सवय माझ्या हाताला लागली. पंखा बंद करायचा, त्याच्या शेजारचं कॉम्प्युटरचंही. पंखा दिव्यानंतर परत लावायची, कॉम्प्युटरचं मात्र सकाळी केर काढायच्या आधी. सून रोज पेटीचं बटण दाबूनच त्याला उठवायची, त्यामुळे कोणाला कळलं नाही. पडदा काळाच असायचा, मला वाटायचं तो झोपलाय.

सुनेने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. ती दुरुस्तीवाल्याला म्हणाली, "लाईट जाते आमच्याकडे अधूनमधून."

"लालबागला?" तो हसला.

"या बिल्डिंगचं वायरिंग जुनं आहे."

"मग जुन्या डिस्कचा काही दोष नव्हता," तो म्हणाला, आणि आपली पिशवी आवरायला लागला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. परक्या माणसासमोर सुनेला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं आणि मी कणीक मळत राहिले. तो गेल्यावर तिने आरशावरची लाल टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटवली. तिने रागावून दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मशीन अडकायचं थांबलं. तिला कायम केलं. पण रोज दिवा लावताना ती टिकली दिसायची आणि हात जोडायचीही मला लाज वाटायची.

मसाल्याचा सीझन सुरू झाल्यावर मी जवळच्या दुकानातून मिरच्यांची देठं खुडायचं काम आणलं. वेळ जात नाही, असं घरात सांगितलं. बोटांची आग व्हायची, नातीला जवळ घेता यायचं नाही. सीझन संपला तेव्हा डिस्कचे अर्धेच पैसे जमले होते, ते विहीणबाईंना दिले. औषधाला राहू दे, असं त्या म्हणाल्या, मीच त्यांच्या पर्समध्ये कोंबले. बटणाचं मात्र सांगितलं नाही. बाकीचे पुढच्या सीझनला जमले.

विहीणबाई घरी आल्या तेव्हा मी पाकीट पुढे केलं.

"अहो, मी लेकीला दिले होते ते. तुम्ही कशाला?"

"बटण मी बंद करायची," मी म्हटलं. "डिस्क चांगली होती."

आतून सून मला म्हणाली, "आई, लाईट जायची ना."

"नाही गो. लाईट कधी गेलीच नाही."

सून बाहेर येऊन दारात उभी राहिली. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं, आणि पाकीट घेऊन पर्समध्ये ठेवलं. पैसे सगळे फिटले.