सात प्रोजेक्टांचा क्रम

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता सत्तरीत, घरात एकटाच लिहितोय. शाहूपुरीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत सात प्रोजेक्ट एकमेकांवर अवलंबून होते. ते कोणत्या क्रमानं बिल्ड करायचे, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायचा, हे गडहिंग्लजचा एक सहकारी बोटांवर मोजत पुटपुटायचा. डबाही एकटाच खायचा. हे काम आपोआप करणारं टूल मी निवडत होतो, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, हे नको. ह्याला आपला क्रम कळत न्हाय की."

मी तेच घेतलं. टूलनं क्रम चुकवला आणि गिऱ्हाइकाकडं अर्धवट सॉफ्टवेअर गेलं.

"कुणाची अक्कल ही?" मालक ओरडले. मी त्या सहकाऱ्याचं नाव सांगितलं. तो समोरच उभा होता. त्यानं सातही बिल्ड हातानं करून दिले आणि राजीनामा ठेवला.

परवा तो एसटी स्टँडवर भेटला. "बरं हाय न्हवं, साहेब?"

"चुकलं माझं," एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, "गाडी किती वाजता?"