हसायला मनाई

आमच्या मामाने वीस वर्षं लग्नांचे फोटो काढले आणि त्या वीस वर्षांत एकाही माणसाला गप्प उभं राहू दिलं नाही. "ओ काका, घास गिळा आणि हसा! वहिनी, नवऱ्याकडे बघू नका, हसू जाईल, इकडे बघा!" असा त्याचा तोंडाचा पट्टा चालायचा. मुलगी सासरी निघताना सगळे डोळे पुसत असायचे, तेव्हाही हा खुर्चीवर चढून ओरडायचा, "रडता रडता जरा हसा!" आणि गंमत म्हणजे लोक हसायचेही.

मामी नर्स. तिला परदेशातल्या इस्पितळात नोकरी लागली, तेव्हा मामाने स्टुडिओला कुलूप घातलं आणि चार बॅगा भरल्या. तीन कॅमेऱ्यांच्या, एक कपड्यांची. "तिकडे कलेची कदर असते," निघताना तो आम्हाला ऐटीत म्हणाला.

कदर करणारं कुणी विमानतळावर न्यायला आलं नाही. पहिले पाच महिने मामाने घर सांभाळलं, म्हणजे तीन पातेली जाळली आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचे फोटो काढले. शेवटी मामीच म्हणाली, "अहो, ती इमारत आता लाजायला लागलीय. बाहेर पडा."

दोन गल्ल्या सोडून एका दुकानात काम मिळालं. पुढे झेरॉक्सची यंत्रं, मागे पांढरा पडदा, दोन दिवे आणि एक गोल स्टूल. तिथे फक्त पासपोर्टचे आणि परवान्यांचे फोटो निघत. मालकीणबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी भिंतीवरचा नियमांचा कागद दाखवला. दोन्ही कान दिसावेत. सावली पडू नये. हसू नये.

मामाने कागद वाचला, मान डोलावली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला हसवलं. तिकडची भाषा त्याला जेमतेम येत होती, पण भुवया नाचवायला भाषा कशाला लागते? आठवडाभरात अकरा फोटो सरकारी कचेरीतून परत आले. मालकीणबाईंनी ते टेबलावर ओळीने मांडले. अकराही माणसं अगदी खुशीत होती.

"एकाचंही काम झालं नाही," त्या सावकाश, त्याला कळेल अशा बेताने म्हणाल्या. "तुम्ही काही करू नका. नुसते थांबा."

"नुसतं थांबायचं म्हणजे काय करायचं?" घरी येऊन मामाने मामीला विचारलं.

"मी रोज पेशंटपाशी करते ते," मामी म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

मामा थांबायला शिकला. पहिल्या दिवशी म्हणे जीभ दातांखाली धरून उभा होता. पण हळूहळू त्याला दिसायला लागलं, की माणूस स्टुलावर बसला की आधी फोटोसाठीचा चेहरा लावतो. मग तो चेहरा दमतो. मग गळून पडतो, आणि खाली खरा माणूस असतो.

एकदा एक आजीबाई आल्या. त्या सारख्या हसत होत्या, माफी मागितल्यासारख्या. मामा दहा मिनिटं उभाच. मागे रांग लागली. मालकीणबाई डोकावून गेल्या. शेवटी आजींचं हसू संपलं आणि मामाने खटका दाबला. आजींनी चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला.

"मी एकटी असते तेव्हा अशी असते," त्या म्हणाल्या. "मोठा करून द्याल?"

पुढे मामाच्याच कागदपत्रांची मुदत संपत आली. तोच पडदा, तेच स्टूल, कॅमेऱ्यामागे मामी. मामा सात वेळा हसला. आठव्यांदाही.

"गाल दुखत नाहीत का हो?"

"दुखतात," मामा म्हणाला आणि स्वतःच दचकला. मामीने तेवढ्यात खटका दाबला.

फोटोतला माणूस थोडा दमलेला आणि बराचसा बुजरा होता.

"हा कोण?"

"माझा नवरा," मामी म्हणाली. "मला बघायला आलात तेव्हा अर्धा तास चपलांकडे बघत बसला होतात ना, तोच हा. बडबड्या मागाहून आला, तुमच्या धंद्याबरोबर."

तो फोटो कचेरीत पहिल्या फटक्यात पास झाला.

आता शनिवारी दुपारी मालकीणबाई दुकानाची मागची बाजू त्याला सोडून देतात. लोक येतात, बसतात, आपापल्या चेहऱ्यात परत जातात. असे चाळीसेक मोठे फोटो त्याने भिंतीवर लावलेत. पहिला आजीबाईंचा.

आमच्या आईला मात्र भावाची काळजी लागलीय. परदेशाने त्याचं तोंड शिवलं असं तिचं मत. परवा फोनवर ती त्याला आपल्या गुडघ्याबद्दल सांगत होती. पलीकडून हूं की चूं नाही.

"हॅलो? आहेस का रे?"

"आहे गं ताई," मामा म्हणाला. "जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना?"

इतक्या वर्षांत घरात कुणी तिला हे विचारलं नव्हतं. आई खुर्ची ओढून बसली आणि आणखी अर्धा तास बोलली.