गाळलेली ओळ
झेरॉक्सच्या दुकानात तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला पुण्यातली ती खोली आठवते. दहावीच्या पेपरांना जादा वेळ मिळावा म्हणून आबा, माझे वडील, मला आमच्या टाकवे गावाहून वाचनदोषाच्या तपासणीला घेऊन गेले होते. त्यांच्या सदऱ्याला गोठ्याचा वास येत होता, म्हणून मी मुद्दाम एक खुर्ची सोडून बसले. मी अडखळत उतारा वाचल्यावर तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, “घरात आणखी कुणाला वाचताना असा त्रास होतो?” आबा पुढे सरकले. “व्हय, मला. सातवीपातुर गेलतो, पर अक्षरं हितली तितं पळायची.” मॅडमनी पेन उचललं, तोच मी म्हणाले, “नाही हो, ते अडाणीच आहेत.” आबा कसनुसं हसले. “व्हय, तसंच आसंल.” पुढे अहवाल मिळाला तेव्हा त्यांनी तो कामशेतात सातबाऱ्यासारखा लॅमिनेट करून घेतला. आता बँकेच्या परीक्षेच्या अर्जासाठी तो पुन्हा बाहेर काढलाय. ‘वाचताना ओळी गाळते’ असं त्यात माझ्याबद्दल लिहिलंय. आबा नेहमीसारखे शेजारी बसून म्हणतात, “वाच की, काय ल्हिलंय.” मी सगळं वाचून दाखवते. ‘कुटुंबात असा त्रास : कुणालाही नाही’ ही एक ओळ मात्र दरवेळी गाळते.