माझंच भरीत, मलाच फॉरवर्ड

मंगळवारी सकाळी मेहरूण तलावावर चालून घरी आले, चहा टाकला आणि मोबाईल हातात घेतला... तिथेच दिवसाची वाट लागली.

आधी थोडं सांगते. मी खाण्यापिण्यावर ब्लॉग लिहिते आणि हो, त्याचे पैसे मिळतात. धुळ्याची एक मसाल्याची कंपनी दर महिन्याला माझ्याकडून लिहून घेते. बाकीची कामं येतात-जातात, हे एकच पक्कं. याच्याच जोरावर मी शाळेतली नोकरी सोडली आणि "मोबाईलवर बसून कसलं आलंय काम?" विचारणाऱ्या नातेवाइकांना गप्प केलं.

कंपनीच्या मालकांना सगळे भाऊच म्हणतात. माणूस चांगला, पण पोस्ट न वाचता नुसतं ट्रॅफिकचं वेड लागलंय त्यांना. किती व्ह्यूज आले, किती जण टिकले, किती जण आल्या पावली पळाले... ग्राफ वर गेला की फोनवर गप्पा, खाली आला की नुसतं "हं".

गेले काही महिने नुसतं "हं"च चालू होतं.

आता मी तरी काय करू? लोकांना ओढून आणून ब्लॉगवर बसवू? जे थोडेफार व्ह्यूज दिसत होते त्यातलेही बरेचसे माझेच, कारण सारखं उघडून बघणारी मीच! नवऱ्याला वाचायला सांगितलं तर तो म्हणतो, रात्री जेवताना सांगतेस की सगळं...

त्यात या वेळी भाऊंनी फर्मान काढलं. थंडी पडलीये, भरितावर लिहा आणि आपला मसाला त्यात आलाच पाहिजे.

भरितात मसाला! अहो, खान्देशात कोणालाही विचारा. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे... संपलं. मी परोपरीने सांगून पाहिलं. "ताई, एक पॅरेग्राफ तर आहे," भाऊ म्हणाले. पोटासाठी माणूस काय काय करतो... घातला एकदाचा पॅरेग्राफ.

बाकी पोस्ट मात्र जीव ओतून लिहिली होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, धुराने चुरचुरणारे डोळे, शेतात बसलेली पंगत आणि "अजून थोडं घ्या" म्हणत पानात पडणारं भरीत... लिहिताना मलाच भूक लागली. पोस्ट टाकली आणि ग्राफ बघत बसले. ढिम्म हलला नाही.

तर मंगळवारी भाऊंचा मेसेज आला होता. "ताई, या महिन्यानंतर थांबू या. आकडेच येत नाहीत." आणि त्याखाली एक फॉरवर्ड. "हे वाचा. आईला भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं. असं काही लिहिलं असतं तर लोकांनी वाचलं असतं."

वर गुलाबाची फुलं, खाली जोडलेले हात आणि मध्ये... माझं भरीत! शब्द न् शब्द माझा. फक्त माझं नाव गायब, आणि मसाल्याचा पॅरेग्राफ गायब.

चहा उतू गेला. मी तसाच भाऊंना फोन लावला आणि जे काय बोलायचं ते बोलले... आवाज चढलाच होता. माझंच लिखाण मला दाखवून मलाच शिकवताय? ब्लॉग उघडा आणि ताडून बघा! त्यांनी खरंच ब्लॉग उघडून ताडून पाहिलं. मग म्हणाले, "हो ना... तेच आहे की. पण ताई, आपला मसाला कुठे गेला?"

मी कपाळावर हात मारला. मग तेच हसायला लागले. त्यांच्या आईने ते आपल्या सगळ्या बहिणींना पाठवलं होतं म्हणे, लिहिणाऱ्या बाईला भरीत कळतं असंही म्हणाल्या होत्या. "राहू द्या, थांबायचं नाही. पुढच्या महिन्यात शेवभाजीवर लिहा. तिथे तर मसाला लागतोच ना?" काम वाचलं.

पण माझा राग कुठे जाणार? ती गुलाबाची फुलं मी ओळखली होती. आमच्या घरात अशी फुलं एकच व्यक्ती पाठवते... चोपड्याची अक्का, माझी आत्या.

फोन लावला. अक्का एकदम खुशीत, आपल्या खान्देशी बोलीत सुरू. "लिंक उघडाले कोन बसस? मी बठ्ठं कॉपी करीसन धाडस!" म्हणजे सगळं कॉपी करून पाठवायचं हे आजचं नव्हतं. इतके महिने माझी प्रत्येक पोस्ट अशीच ग्रुपाग्रुपांतून फिरत होती आणि मी इकडे ग्राफकडे बघून रडत होते! "आनि भरीतमा मसाला? लोके हसतीन तुले. मी काढी टाका."

"अगं अक्का, पण माझं नाव तरी ठेवायचं ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाव ठेवं तर बठ्ठ्या म्हनतीन, भाचीनं शे म्हनीसन धाडस. तोंडवर गोड बोलतीन. म्हनीसन नाव काढी टाकस... तरी फिरी फिरीसन ते परत मालेच येस. मंग माले समजस, आपली पोर खरंच चांगलं लिखस."

भांडायला फोन केला होता, आणि भांडण राहिलं बाजूलाच. भाचीचं म्हणून कोणी खोटं कौतुक करू नये, यासाठी ती नाव काढत होती. कोणाचं आहे हे माहीत नसताना बायकांनी ते वाचलं, आवडलं म्हणून बहिणींना, नणंदांना पाठवलं... आणि दर वेळी ते फिरून घरी आलं की अक्का तिकडे एकटीच खूश व्हायची. मला एका शब्दाने सांगितलं नाही!

अक्का, अजून रागावलेच आहे मी तुझ्यावर. पण इतक्या खरेपणाने मला कोणी वाचलं नव्हतं गं... थँक्यू.