सायरस मध्येच का थांबला

शुक्रवारी रात्री एमेट ह्रोबाकच्या डोळ्याला डोळा लागला नाही आणि शनिवारी सकाळी त्याने डोनटला हात लावला नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त काळजीची होती. एरवी शाळेच्या व्यायामशाळेमागच्या खोलीत तो सगळ्यांच्या आधी यायचा, खोक्यातला सगळ्यात मोठा डोनट उचलायचा आणि मगच आदल्या रात्रीच्या सामन्याची फिल्म लावायचा. आठवडाभर टायरच्या दुकानात राबणारा हा म्हातारा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या पुढच्या फळीचा कोच होता. पगार नावापुरता, तोरा मात्र सरन्यायाधीशाचा.

तोऱ्याला कारणही होतं. ड्रेक्स फेरी या त्यांच्या गावात शुक्रवारी सामना आणि शनिवारी निवाडा. फळीतल्या प्रत्येक पोराला एमेट प्रत्येक डावाचे दोन गुण देई, एक कामाचा आणि एक जिवाचा. काम चुकलं तर तो कुरकुरत का होईना, पुन्हा शिकवी. पण कोणी अंग चोरलं, धावायचं सोडून रेंगाळला, तर पुढच्या सामन्याला तो पोरगा साध्या कपड्यांत बाकावर. डॉक्टरांचा मुलगा बसला होता, पाद्रीबुवांचा पुतण्याही बसला होता. आणि निवाड्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही, हा एमेटचाच कायदा. "सबबी आईला सांगा," तो म्हणायचा, "मी फक्त फिल्म बघतो."

आज त्याला त्या फिल्मचीच धास्ती वाटत होती.

कालचा सामना त्यांनी कसाबसा जिंकला होता. सायरस टॉलिव्हर हा फळीच्या कडेचा गडी. समोरच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या मुख्य गड्याने, चेंडू फेकायच्या आत त्याच्यावर झेपावून त्याला लोळवायचं, हे त्याचं काम. काल एकदाही लोळवला नाही. तेही खपलं असतं. पण शेवटी शेवटी सायरस अडवणाऱ्याला मागे टाकून आत घुसला, क्वार्टरबॅक हाताशी आला, आणि हा पठ्ठ्या मध्येच उभा राहिला. चक्क उभा! क्वार्टरबॅकने चेंडू लांब भिरकावला, त्यांच्या गड्याने तो झेलला आणि सामना हातचा जाता जाता राहिला. गाव खवळलं. "अरे, खुर्ची द्या त्याला कुणीतरी!" असं कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. ते हसणं एमेटच्या फार जिव्हारी लागलं.

मुख्य कोच रे डेलारोसा कॉफी घेऊन आत आला. तो एके काळी एमेटच्याच हाताखाली खेळलेला, त्यामुळे बोलायला कचरत नसे.

"काय, निकाल लागला की अजून साक्षीपुरावे चालू आहेत?"

"बघू तरी दे."

"बघायचंय काय त्यात? आख्ख्या गावाने बघितलं. मी असतो तर काल रात्रीच बाकावर बसवलं असतंत मला, वर चार शिव्या घातल्या असत्यात त्या वेगळ्याच."

"तू होतासच तसा," एमेट म्हणाला. पण त्याला ते लागलं, कारण ते खरं होतं. सायरस त्याचा लाडका होता. शाळेच्या बँडमध्ये भलंमोठं पितळी वाद्य फुंकणाऱ्या या पोराला त्यानेच दटावून मैदानावर आणलं होतं. पुढच्या शुक्रवारी त्याचा शाळेतला शेवटचा सामना होता. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची पोरं संघाच्या पोशाखात, आईबापांचा हात धरून मैदानावर येतात. सायरसची आई लोरेटा वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीला असते. पोराचा एकही सामना तिने पाहिला नव्हता. या एका दिवसासाठी तिने पाळी बदलून घेतली होती. आता अंगचोरीची एक खूण पडली की तिचा पोरगा सगळ्या गावासमोर साध्या कपड्यांत चालणार.

एमेटने कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा काढला. पुठ्ठ्याला मधोमध बशीएवढं भोक. डोळा नेहमी चेंडूमागे पळतो, म्हणून तो हा पुठ्ठा पडद्यासमोर धरून गड्याबरोबर सरकवत न्यायचा. भोकातून तेवढा एकच माणूस दिसायचा, बाकी दुनिया गेली उडत. या पुठ्ठ्यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

सायरस पडत होता, उठत होता, दुसऱ्या टोकाला चाललेल्या चेंडूमागेही जीव खाऊन पळत होता. एमेट सुखावत गेला. मग तो डाव आला. भोकात सायरस धावत आत शिरला, थबकला, वळला, हात वर करून नुसता उभा राहिला. लंगडला नाही, अडखळला नाही. एमेटने पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

"झालं समाधान?" रे म्हणाला.

एमेटने पेन्सिल उचलली. तिचं टोक कागदाला टेकलंही. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, तो अडवणारा धिप्पाड पोरगा रात्रभर सायरसला गोचिडासारखा चिकटला होता. मग इथेच त्याने हात आखडता का घेतला? ही वाट सायरसने काढली की त्याला फुकट मिळाली?

त्याने पुठ्ठा बाजूला ठेवला आणि पूर्ण पडदा पाहिला.

सायरसच्या पाठीमागे समोरच्या संघाचा सगळ्यात चपळ गडी हळूच सटकत होता, हात चेंडूसाठी तयार, पुढे मोकळं रान. सायरसला मुद्दाम आत येऊ द्यायचं आणि त्याच्या डोक्यावरून चेंडू त्या गड्याला द्यायचा, असा तो कावा होता. सायरसने तो ओळखला. तो थांबला, वळला आणि दोन्ही हात वर करून बरोबर मध्ये उभा राहिला. चेंडू द्यायला उचललेला क्वार्टरबॅकचा हात तसाच अडकला, मग घाबरून त्याने चेंडू कुठेतरी लांब फेकला. तो झेलला गेला हे त्याचं नशीब. वाट फुकट मिळाली की थांब आणि मागे बघ, हे ऑगस्टपासून घसा फोडून एमेटनेच शिकवलं होतं.

"अरे देवा," एमेट म्हणाला. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. त्याला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

रेने वाकून पाहिलं. "मग काल हा बोलला का नाही?"

"कसा बोलेल? मीच तोंडं शिवलीत ना त्यांची!"

पोरं आली तेव्हा एमेटने तो डाव सगळ्यांना दाखवला, तोही पुठ्ठ्याशिवाय.

"कोच, भोक जरा मोठं करा!" मागून कोणीतरी म्हणालं आणि खोली हसण्याने दणाणली.

"गप रे! सायरस, जिवाचे गुण पूर्ण. कामाचे अर्धे. डाव सुरू होताना निम्म्या वेळा उशिरा उठलास आणि हात पार कमरेशी. सोमवारी बघतो तुझ्याकडे."

"हो, कोच," सायरस म्हणाला आणि दुसरा डोनट घेतला. त्याचा चेहरा इतका निवांत होता की एमेटला त्याचा रागच आला.

पोरं गेल्यावर त्याने लोरेटाला फोन लावला. गावातलं बोलणं तिच्या कानावर गेलंच असणार.

"लोरेटा, एमेट बोलतोय. शुक्रवारी सायरस खेळतोय बरं का."

"म्हणजे? खेळणारच होता ना?"

"नाही, गाव काल बरंच बोलत होतं, म्हणून म्हटलं..."

"बोललं ना. कामावर दोघींनी मला चांगलं ऐकवलं. घरी आल्यावर मी त्याला विचारलं, तर म्हणतो कसा, 'सकाळी एमेट कोच बघतील ना.' आणि झोपला की ढाराढूर! मला मेलीला लागली काळजी. तुम्हीही जागेच होतात की काय?"

एमेटने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. सायरसच्या नावापुढे पेन्सिलीचा एक बारीक ठिपका उमटला होता.

"छे," तो म्हणाला. "मी कशाला जागा राहू?"