बसायला जागा नसलेली गाडी

पंचेचाळिशीत माणसाला बीपी आठवतं, विमा आठवतो. आमच्या शेठला मोटारसायकल आठवली. शेठ म्हणजे माझा नवरा, धनेश. रेवसच्या अलीकडे खाडीकाठाला आमचं गाव. सासऱ्यांनी जन्मभर मीठ पिकवलं, ह्यांनी डंपर घेतले. आता ते डंपर मोबाइलवर ठिपके होऊन फिरतात आणि हे खुर्चीत बसून ठिपके बघतात. खुर्ची गोल फिरणारी आहे. व्यायाम म्हणाल तर तेवढाच.

लग्नाआधी हा माणूस असा नव्हता. होळी झाली की गावातल्या पोरांची पैज लागायची. मिठागराच्या बांधावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोटारसायकल न्यायची आणि पाय टेकायचा नाही. बांध हातभर रुंद, दोन्हीकडे चिखल. वेगाला कुणी विचारत नसे, पाय टेकला की बाद. बक्षीस म्हणून जिवंत कोंबडा. ह्यांनी इतके कोंबडे जिंकले होते की मला बघायला आल्यावर सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "कोंबडा साफ कराला येतो का?" मी हो म्हटलं आणि लग्न ठरलं.

मग प्राप्ती पोटात असताना हे रेवदंड्याच्या खडकावरून गाडीसकट खाली आले. ऑपरेशन झालं, गुडघ्यात सळी बसली. गाडी विकली, कोंबडे बंद झाले, पोट सुटलं. लेक आता पुण्याला शिकते आणि सळी अजून आहे तिथेच आहे.

यंदा चौलच्या एका वाडीत दगड टाकायला आमचा डंपर गेला. वाडी देवदत्त सरांची, कॉलेजातून रिटायर झालेले. नारळी-सुपारीत बागायती करायची सोडून त्यांनी मोकळ्या कोपऱ्यात दगड रचले, ओंडके टाकले आणि ट्रायलचं मैदान केलं. ट्रायल म्हणजे आमची तीच बांधावरची पैज, फक्त इंग्रजीतून. खडकावरून, ओंडक्यावरून गाडी हळूहळू काढायची, पाय टेकला की गुण कापतात. चाळिशीच्या पुढच्यांचा गटही वेगळा ठेवलेला. हे डंपरसोबत गेले होते दगड मोजायला. घरी आले, जेवले, आणि त्या रात्री ठिपके उघडलेच नाहीत. मला म्हणाले, "विनिता, मना गाडी घ्याची हाय."

त्या आवाजावरून मला कळलं की हे आता डंपरबद्दल बोलत नाहीत. खरं सांगते, बरं वाटलं. मागच्या काही वर्षांत ह्यांनी 'मला हवं' असं म्हटलेलं मी ऐकलंच नव्हतं. गोळ्या वेळेवर घेत होते, हप्ते वेळेवर भरत होते आणि विचारलं तर 'बरं हाय' म्हणत होते. माणूस जिवंत आहे एवढंच आपलं समाधान.

आता घ्यायची कुठली? इथे माझा भाऊ अल्पेश मध्ये पडला. त्याला अक्कल कमी आणि उत्साह दांडगा. "दाजी, तुमच्या इज्जतीला शोभेल अशी घ्या. लहान गाडीवर बसलात तर लोकं म्हणतील, धंदा बसला." त्याने एक अगडबंब गाडी शोधली, हिमालयात जाणारे नेतात तसली. आणि गाडी यायच्या आधी नाक्यावर फ्लेक्स लावला. 'बांधाचा राजा परत येतोय', खाली ह्यांचा गॉगल लावलेला फोटो, आणि शुभेच्छुक म्हणून स्वतःचा ह्यांच्यापेक्षा मोठा.

आमच्याकडे रीत आहे. घरात कुठलीही नवी गाडी आली की पहिली फेरी जोडीने, गावदेवीला. नवरा चालवणार, बायको मागे. फेरी झाल्याशिवाय गाडी उंबऱ्याशी लावायची नाही. मी शालू नेसून डंपरच्या केबिनमध्ये चढले आहे. जेसीबी घेतला तेव्हा तर पुढच्या बकेटमध्ये खुर्ची ठेवून मला बसवलं होतं. अख्खा गाव फोटो काढत होता आणि मी नारळ धरून हवेत.

तर मोठ्या गाडीवर पाठीमागे ऐसपैस जागा होती. सासूबाई, म्हणजे ठमाबाई, सीट दाबून बघून खूश झाल्या. ह्यांनी टांग टाकली आणि कळलं की पाय जमिनीला पुरतच नाहीत. पाय टेकायचा नाही हा खेळाचा नियम खरा, पण थांबल्यावर तरी टेकायला नको का? हे पायाच्या अंगठ्यावर, मी मागे शालूत. देवळाकडच्या बांधावर पहिल्याच वळणाला गाडीने कूस बदलली आणि आम्ही दोघं जोडीने चिखलात गेलो. गाडी सहा जणांना हलेना. शेवटी आपलाच जेसीबी बोलावला. ज्या बकेटमध्ये मी मिरवले होते त्याच बकेटला साखळी बांधून गाडी वर काढली. संध्याकाळपर्यंत ती गाडी विकायला काढली आणि अल्पेशने फ्लेक्स उतरवला.

हे पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. म्हणाले, "जाऊ दे. वय झालं." त्या 'जाऊ दे'चा मला इतका राग आला की मीच ह्यांना ओढत चौलला नेलं.

देवदत्त सरांकडे एक परदेशी गाडी होती, खास ट्रायलची. त्यांचं कंबरेचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून ती विकायची होती. मी बघितली आणि म्हटलं, अर्धी चोरीला गेली की काय? सीटच नाही. चालवणाऱ्यालाही नाही, मागच्याचं सोडाच. पुढे-मागे चाक, मध्ये इंजिन, आणि उभं राहायला दोन खुंट्या. सर म्हणाले, "ही उभ्यानेच चालवायची. वजन म्हणाल तर एका माणसाएवढं."

हे उभे राहिले. पहिल्या ओंडक्यापाशी पाय टेकला. दुसऱ्यांदाही टेकला. मी ओरडले, "चाकाकडं काय बघताय? लांब बघा." लहानपणी डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालायचे तेव्हा आई मला हेच सांगायची. ह्यांनी मान वर केली, सुपारीच्या रांगेपलीकडे बघितलं आणि गाडी ओंडक्यावरून अशी उतरली की आवाजही झाला नाही. मागे वळून माझ्याकडे बघितलं तर तेच तोंड, कोंबडा बगलेत धरून घरी येणाऱ्या पोराचं. मी सरांना म्हटलं, "गाडी आमची. पिकअपमध्ये चढवा."

घरी सासूबाई ओवाळायला दारात उभ्या. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"हिची जागा कुठं हाय?"

"आई, या गाडीला नसते," मी म्हटलं.

"जेशीबीला बकेट तरी व्हती. हिला काय हाय? जिथं सुनंला जागा न्हाय ती गाडी माझ्या दारात उभी ऱ्हायाची न्हाय."

मला माहीत होतं की हे सीटचं नाही. सळी बसवली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर ही बाई माझ्या शेजारी बसली होती, माझा हात सोडला नव्हता तिने. तिला गाडीच नको होती. पण भीती वाटते असं म्हणेल तर ती ठमाबाई कसली? रीत पुढे केली की कुणाला बोलता येत नाही.

आणि हे तरी कसले! अलिबागला सीटवाल्याला फोन लावायला निघाले. "पत्रा वेल्डिंग करून फोम टाकू," म्हणाले. त्या हरणासारख्या गाडीवर फोम. आईपुढे ह्यांनी कधी तोंड उघडलंय?

मी फोन काढून घेतला. "आई, पहिली फेरी जोडीनं पायजे ना? कोण पुढं आणि कोण मागं, ते देवीनं कुठं सांगितलंय?"

पदर खोचला, निऱ्या वर ओढून काष्टा मारला आणि खुंट्यांवर उभी राहिले. गिअरची गाडी मला माहेरपासून येते, अल्पेशलाही मीच शिकवली. देवळाचा बांध मिठागरासारखा हातभर नाही, चांगला रुंद आहे, त्यामुळे फार शूरपणाचं काही नव्हतं. मी लांब, देवळाच्या झेंड्याकडे बघितलं आणि पहिल्या गिअरमध्ये सोडली. मागे मडगार्डला हात लावून धनेशशेठ धावत होते. नारळ त्यांच्याकडे. "हळू गो, हळू," असं धापा टाकत सांगत होते, मला की स्वतःला कोण जाणे. गाव घराबाहेर आलं. मी देवीपुढे जाईपर्यंत पाय टेकला नाही. शेठने येताना दोनदा बसकण मारली.

परत आलो तर सासूबाई तशाच उभ्या. डोळे पुसलेले. इतकी वर्षं त्या आधी लेकाला ओवाळायच्या, मग गाडीला, आणि तेल उरलं तर मला. ह्या वेळी हे सवयीने पुढे सरकले, तर ताट माझ्याकडे वळलं.

"थांब तू. चालवनारीला पैलं."

मला, मग गाडीला, आणि सगळ्यात शेवटी ह्यांच्या घामेजल्या तोंडासमोर ताट फिरवून म्हणाल्या, "जा आता. कुठं आपटाचं तिथं आपट."

हे थांबतात कशाला. गाडी घेतली ती सरळ जुन्या मिठागराच्या हातभर बांधावर. मी आणि सासूबाई ओट्यावरून बघत होतो. अर्ध्यापर्यंत झकास गेले. मग गाडी डुगडुगली, आणि शेठ, गाडी, सगळं चिखलात.

सासूबाईंनी माझा हात धरला. तसाच, दवाखान्यातल्यासारखा.

चिखल हलला. हे उठले, गुडघा चाचपला, दोन्ही हातांनी गाडी धरली आणि एकट्याने उचलून बांधावर ठेवली. मग तिथूनच, कानापर्यंत चिखल घेऊन, आमच्याकडे बघून हसायला लागले.

सासूबाईंनी माझा हात सोडला. म्हणाल्या, "हलकी हाय गो."