तळहातावरची खडीसाखर

स्तनांच्या तपासणीकक्षाबाहेर एका अनोळखी बाईंनी माझ्या पत्नीचा हात हातात घेतला, ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

"घाबरू नका हो ताई. माझं काढून चार वर्षं झाली. बघा, सुनेशी रोज भांडतेय!" असे म्हणत त्यांनी देवीची खडीसाखर तिच्या तळहातावर ठेवली. मग मला म्हणाल्या, "ताई नशीबवान आहेत, भाऊ. आमचे मालक या दारापर्यंतसुद्धा येत नसत."

मी कसनुसा हसलो. गाठ माझ्या छातीत होती, तपासणी माझी होती. पण एवढे एक वाक्य मला उच्चारता आले नाही. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि माझा आजार निमूटपणे स्वतःच्या पदरात घेतला. मी शर्टाचे लावलेलेच बटण पुन्हा पुन्हा चाचपत राहिलो. मरणाची भीती मी स्वतःशी कबूल केली होती. बायकांचा मानल्या जाणाऱ्या आजाराची लाज मात्र इतकी खोल असेल, हे ठाऊक नव्हते. त्या बाकांवर बायका आपली दुःखे उघडपणे वाटून घेत होत्या आणि मी चांगला नवरा म्हणून न कमावलेले कौतुक घेऊन बसलो होतो.

आतून आमचे आडनाव पुकारले गेले. पत्नी उठू लागली. तिला खांद्याला धरून बसवत मी म्हणालो, "पेशंट मी आहे."

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. "अगं बाई! मग ताई, ती साखर त्यांना द्या की."

पत्नीने मूठ उघडली. घामाने चिकट झालेला तो खडा तोंडात ठेवून मी आत गेलो.